उंबरठ्यावर आडवी झालेली आजी: जबरदस्तीच्या लग्नात ‘होकार’ कसा घडवला जातो

किर्गिझस्तानात लग्नासाठी एखाद्या मुलीला पळवून आणलं, की घरातल्या बायका सगळ्यात आधी तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायला धावतात. या रुमालाला जोलूक म्हणतात. तो डोक्यावर बसला की ती त्या घरची सून झाली असं धरतात. मुलगी रुमाल ओढून फेकते, बायका पुन्हा बांधतात. ती दाराकडे धावली तर घरातली सगळ्यात म्हातारी बाई उंबरठ्यावर आडवी होते. वडीलधाऱ्या बाईला ओलांडून गेलं तर तिचा तळतळाट लागतो, पुढे कधी सुख मिळत नाही, हे त्या मुलीने लहानपणापासून ऐकलेलं असतं. दार उघडं असलं तरी ती थांबते. रडून रडून थकल्यावर पहाटे कधीतरी तिची मान हलते, आणि सकाळी सगळे सांगतात की मुलगी तयार झाली.

त्या हललेल्या मानेला संमती म्हणायचं का, हा जबरदस्तीच्या लग्नातला खरा प्रश्न आहे. मारहाण, दोरखंड, कोंडून ठेवणं हे सगळं घडतं, पण अनेक ठिकाणी त्याची गरजही पडत नाही. एकेक करून परतीचे रस्ते बंद करत न्यायचे, शेवटी एकच उघडा ठेवायचा आणि मुलगी त्यावरून चालली की म्हणायचं, बघा, ती स्वतःच्या पायांनी आली. ही पद्धत नीट कळल्याशिवाय कायदा कुठे कमी पडतो आणि मदत नेमकी कुठे करायची, हे कळत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ठरवून केलेलं लग्न आणि जबरदस्तीचं लग्न एक नव्हे. स्थळ घरच्यांनी आणलं, बोलणी त्यांनी केली, पण मुलगी किंवा मुलगा ‘नको’ म्हणू शकतो आणि त्या ‘नको’नंतर घरात त्याची शिक्षा भोगावी लागत नाही, तर ते ठरवून केलेलं लग्न. ‘नको’ म्हणायची सोयच नसेल, किंवा म्हटल्यावर मार, उपास, घराबाहेर काढणं, आईने विष घ्यायची धमकी देणं हे सगळं सुरू होत असेल, तर ती जबरदस्ती. बंदूक कुणी दाखवली का, याच्याशी तिचा संबंध नाही. पुरुषांवरही अशी जबरदस्ती होते. पण लग्नानंतर घर, गाव, नाव आणि कमाई सोडावी लागते ती बहुधा बाईला, त्यामुळे तिचा परतीचा रस्ता जास्त लांब असतो.

आंतरराष्ट्रीय कायद्यात याबद्दल संदिग्धता नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १६ सांगतं की लग्न दोघांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच व्हायला हवं. १९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लग्नाच्या संमतीवर वेगळा करारच केला. त्यातली अट फार विचारपूर्वक लिहिलेली आहे: ही संमती दोघांनी स्वतः हजर राहून, आधी जाहीर सूचना देऊन, अधिकृत व्यक्ती आणि साक्षीदार यांच्यासमोर द्यायची. प्रत्येक शब्दामागे एकेक पळवाट बुजवलेली आहे. ‘स्वतः हजर’ म्हणजे वडील किंवा काका तिच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. ‘आधी जाहीर सूचना’ म्हणजे रातोरात लग्न उरकता येत नाही. ‘अधिकृत व्यक्तीसमोर’ म्हणजे घरच्या चार भिंतींबाहेरच्या कुणीतरी तिचा चेहरा पाहिलेला असतो. महिलांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या करारातही, कलम १६ मध्ये, जोडीदार निवडण्याचा समान हक्क आहे. तरीही आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ मध्ये मांडलेला अंदाज सांगतो की २०२१ साली कोणत्याही एका दिवशी जगात सुमारे २ कोटी २० लाख माणसं जबरदस्तीच्या लग्नात अडकलेली होती.

आता परत किर्गिझस्तानात जाऊ, कारण ‘होकार’ घडवण्याची पद्धत तिथे टप्प्याटप्प्याने दिसते. प्रथेचं नाव अला काचू, म्हणजे उचलून पळून जाणं. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात, आणि सगळी फसगत तिथूनच सुरू होते. काही जोडपी आपसांत ठरवून ‘पळवापळवी’ करतात. आई-वडिलांचा विरोध असतो, वधूमूल्य म्हणजे कलिम परवडत नसतं, किंवा मोठ्या लग्नाचा खर्च टाळायचा असतो. हे पळून जाऊन केलेलं लग्न झालं. दुसऱ्या प्रकारात मुलीला काही माहीतच नसतं. पळवणारा कधी ओळखीचा असतो, कधी एकदोनदाच पाहिलेला, कधी अगदी अनोळखी. पोलीस, शेजारी, गावातले वडीलधारे पहिल्या प्रकारचा दाखला देऊन दुसऱ्याला पांघरूण घालतात: अहो, आमच्यात असंच असतं, मुली मुद्दाम रडतात, रडायची रीतच आहे. खरं रडणं आणि रीतीचं रडणं बाहेरून सारखंच दिसतं, ही या प्रथेची सगळ्यात क्रूर सोय.

पहिला टप्पा पुरुषांचा. मुलगा आणि त्याचे मित्र गाडी घेऊन येतात. मुलीला रस्त्यावरून उचलतात, किंवा घरी सोडतो, वाढदिवसाला चल, अशी थाप मारून बसवतात. हा भाग थोडक्यात आटोपतो आणि बातम्यांमध्ये हाच दिसतो, कारण रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात तो सापडतो.

दुसरा टप्पा बायकांचा, आणि खरं काम त्या करतात. मुलीला घरात आणून कोशोगो नावाच्या पडद्यामागे कोपऱ्यात बसवतात. हा पडदा नव्या नवरीसाठी असतो, म्हणजे तिथे बसवलं की निम्मं लग्न झाल्यासारखंच. मग मुलाची आई, आजी, मावश्या आणि थोरल्या जावा पाळीपाळीने बोलतात. थोरली जाऊ म्हणते, मलाही असंच आणलं होतं, मीही रडले, आता बघ, तीन मुलं आहेत. हे बोलणं नुसतं खोटं असतं तर एवढं परिणामकारक ठरलं नसतं. बोलणारी बाई बहुधा खरंच सांगत असते. ती स्वतः त्या पडद्यामागे बसलेली असते, आणि आज समोरची मुलगी उठून निघून गेली, तर आपणही जाऊ शकलो असतो हे तिला मान्य करावं लागेल. या बायका एवढ्या नेटाने रुमाल का बांधतात, याचं उत्तर मला त्यातच दिसतं.

याच वेळी एक म्हण ऐकवतात: दगड पडतो तिथेच जड होतो. म्हणजे जिथे जाऊन पडलीस तिथेच तुझी किंमत. ‘दिल्या घरी सुखी राहा’ ऐकत वाढलेल्या कुणालाही ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरा टप्पा मुलीच्या माहेरी घडतो, आणि निकाल बहुतेकदा तिथेच लागतो. मुलाकडची माणसं तिच्या आई-वडिलांकडे माफी मागायला जातात. या भेटीला आणि सोबतच्या देण्याला अचू बासार म्हणतात, म्हणजे राग शमवणारं. सोबत मेंढरू, पैसे, भेटी असतात. आई-वडिलांनी ते ठेवून घेतलं तर मुलीचा मार्ग संपला. त्यांनी ते नाकारलं, मुलीला घ्यायला स्वतः गेले, आणि गावासमोर ‘आमची मुलगी आमच्या घरी येईल’ म्हणाले, तर बऱ्याचदा आजी उंबरठ्यावरून उठते. दोन्ही घरांत बाकी सगळं सारखं असलं तरी केवळ या एका गोष्टीने मुलीचं आयुष्य वेगळ्या दिशेला जातं.

आई-वडील ते का स्वीकारतात? निष्ठुर असतात म्हणून नाही. मुलगी परपुरुषाच्या घरी रात्रभर राहिली की तिच्या कौमार्याबद्दल गाव बोलायला लागतं, मग तिला कुणी हात लावला असो वा नसो. परत आलेली मुलगी ‘वापरलेली’ ठरते, तिच्या धाकट्या बहिणींची स्थळं मोडतात. त्यामुळे पळवून आणणाऱ्याला सगळी घाई रात्र उलटायची असते. पहिल्या काही तासांत कुणी पोहोचलं तर मुलगी घरी परतण्याची शक्यता बरीच असते. सूर्योदयानंतर बोलणी सुटकेची राहत नाहीत, लग्नाच्या तारखेची होतात. अनेकदा त्या रात्री बलात्कार होतो, आणि त्यामागे वासनेइतकाच हा हिशेब असतो, की आता ती कुठे जाणार?

चौथा टप्पा धार्मिक. मौलवी येऊन नीके, म्हणजे निकाह, लावतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ती कित्येक मुलींना माहीत नसते: किर्गिझस्तानच्या कायद्यात नुसत्या नीकेने लग्न होत नाही. नागरी नोंदणी कार्यालयात, त्याला तिथे झाग्स म्हणतात, नोंद झाली तरच ते लग्न. नोंद करायला लागते तेव्हा बाईला अधिकाऱ्यासमोर उभं राहून हो म्हणावं लागतं, म्हणूनच ती पुढे ढकलली जाते, कित्येकदा होतच नाही. परिणाम दुहेरी. पहिल्या दिवशी मुलीला सांगितलं जातं की तुझं लग्न झालं, आता सुटका नाही. पाच वर्षांनी ती दोन मुलं घेऊन बाहेर पडली, की सांगितलं जातं की तुझं लग्न कधी झालंच नव्हतं, घरात वाटा कसला मागतेस? तेच कागद नसलेलं लग्न आधी बेडी होतं आणि मग हक्काच्या वेळी हवेत विरतं. मुलांसाठी पोटगी मागायची तर आधी पितृत्व सिद्ध करत बसावं लागतं.

ही प्रथा पुरातन आहे, असं सांगून तिचा बचाव केला जातो. इतिहास इतका सरळ नाही. सोव्हिएत राजवटीने १९२० च्या दशकातच वधूमूल्य, बालविवाह आणि जबरदस्तीची लग्नं गुन्हा ठरवली होती. प्रथेचा अभ्यास करणाऱ्यांना आढळलं की मुलीच्या मनाविरुद्ध पळवण्याचं प्रमाण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेलं. म्हणजे आज दिसणारी, गाडीतून होणारी अला काचू बऱ्याच अंशी आधुनिक काळात घडलेली आहे. त्यामागचे हिशेबही रोकडे आहेत. पळवलं की कलिम कमी द्यावं लागतं, लग्नाचा थाट टळतो. धाकटा मुलगा आई-वडिलांजवळ राहतो, आणि घरात सून, म्हणजे केलिन, आली की पहाटेच्या चहापासून गुरांपर्यंतची कामं तिच्या अंगावर पडतात. सासूला हातभार लागण्यासाठीच मुलावर ‘आण कुणीतरी’ असा दबाव येतो. काही मुलगे स्वतःही फारसे तयार नसतात.

या सगळ्याची किंमत कशात मोजायची? एक मोजमाप अनपेक्षित ठिकाणाहून आलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी किर्गिझस्तानातल्या नवजात बाळांची वजनं तपासली. पळवून केलेल्या लग्नातून जन्मलेली बाळं ठरवून केलेल्या लग्नातल्या बाळांपेक्षा ८० ते १९० ग्रॅमनी हलकी भरली. गरोदरपणात आईवर असलेला मानसिक ताण हे त्याचं संभाव्य कारण त्यांनी मांडलं. जन्माच्या वेळचं कमी वजन पुढे आजारपणाशी आणि शाळेतल्या पिछाडीशी जोडलेलं असतं. आई ‘रुळली’ असं सगळे म्हणत असतात, तेव्हा तिच्या शरीरात वेगळाच हिशेब चालू असतो.

किर्गिझस्तानात कायदा नव्हता असं नाही. लग्नासाठी बाईला पळवणं हा स्वातंत्र्यानंतरही गुन्हाच होता, पण शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं. मेंढ्या चोरल्या तर याहून जास्त तुरुंगवास होतो, हा मुद्दा तिथल्या महिला संघटनांनी लावून धरला. २०१३ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष अल्माझबेक अताम्बायेव यांनी शिक्षा ७ वर्षांपर्यंत आणि मुलगी १७ वर्षांखालची असेल तर १० वर्षांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. २०१६ मध्ये अल्पवयीन मुलीचा नीके लावणारे मौलवी आणि लावून देणारे आई-वडील यांनाही तुरुंगाच्या कक्षेत आणलं. कागदावर हे सगळं भक्कम आहे.

मग घोडं कुठे अडलं? २०१८ च्या मे महिन्यात जे घडलं त्याने ते लख्ख दाखवलं. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला पळवण्यात आलं. पोलिसांनी गाडी अडवली, दोघांना ठाण्यात आणलं, आणि तिला पळवणाऱ्यासोबत एकाच खोलीत ठेवलं. तिथे, पोलीस ठाण्याच्या आत, त्याने तिला भोसकून मारलं. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्या अधिकाऱ्यांच्या लेखी समोर आरोपी आणि फिर्यादी नव्हते, रुसवा काढायला बसलेलं जोडपं होतं. कायद्यातलं कलम कितीही कडक असलं तरी ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यात ‘घरगुती भानगड’ असेल, तर ते कलम उघडलंच जात नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने आपली चौकशी प्रसिद्ध केली: पळवून नेलेल्या मुलींना संरक्षण देण्यात किर्गिझस्तान कमी पडला, आणि त्यामुळे त्यांच्या हक्कांचं उल्लंघन झालं. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये राजधानी बिश्केकमध्ये भर रस्त्यातून एका तरुणीला पळवलं. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, आणि दोन दिवसांनी ती मृतावस्थेत सापडली. संतापलेले लोक रस्त्यावर उतरले.

शिक्षा वाढवली की प्रश्न सुटतो, या समजाबद्दल माझा अनुभवांती झालेला अविश्वास इथे सांगायलाच हवा. शिक्षा जितकी मोठी, तितकी मुलीवर तक्रार मागे घेण्याची सक्ती मोठी: एका पोराची ७ वर्षं बरबाद करशील? पोलीसही कच खातात. त्यामुळे शिक्षेच्या वर्षांपेक्षा दोन छोट्या तरतुदी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, तक्रार मागे घेतली किंवा ‘समेट’ झाला तरी तपास थांबू नये. दोन, मुलीला सोडून दिलं म्हणून पळवणारा सुटू नये. शेजारच्या कझाकस्तानात ही दुसरी पळवाट होती. पळवलेल्या व्यक्तीला आपणहून सोडलं तर शिक्षेतून सूट मिळायची. म्हणजे रात्रभर दबाव टाकून पाहायचा, नाहीच जमलं तर सकाळी सोडून द्यायचं. २०२५ मध्ये नवा कायदा आणून जबरदस्तीचं लग्न लावणं हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि ती सूटही गेली.

हे सगळं मध्य आशियातच घडतं असं समजू नये. इटलीच्या सिसिलीत ‘फुइतिना’ नावाची पळून जाण्याची रीत होती आणि तिच्या आडोशाने बळजबरी चालायची. वर १९३० च्या दंडसंहितेतलं कलम ५४४ होतं: बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं तर गुन्हा पुसला जाई. इथे परतीचा रस्ता खुद्द कायद्यानेच अडवला होता. २६ डिसेंबर १९६५ रोजी आल्कामो गावातून १७ वर्षांच्या फ्रांका व्हिओलाला फिलिप्पो मेलोदिया आणि त्याच्या टोळीने पळवलं. तिला आठवडाभर डांबून ठेवलं, बलात्कार केला. मग रीतीप्रमाणे तिच्या वडिलांकडे समेटाचा निरोप गेला. वडिलांनी तयार असल्याचं दाखवलं आणि तिकडे पोलिसांना खबर दिली. मुलगी सुटली, तिने लग्नाला साफ नकार दिला, आणि खटला उभा राहिला. त्या घराला गावाने वाळीत टाकलं, त्यांचा द्राक्षमळा पेटवला. मेलोदियाला ११ वर्षांची शिक्षा झाली. कलम ५४४ मात्र रद्द झालं ते १९८१ मध्ये. अशीच कलमं मोरोक्कोने २०१४ मध्ये, आणि ट्युनिशिया, जॉर्डन आणि लेबनॉन यांनी २०१७ मध्ये काढली. लेबनॉनने काही उरलेल्या कलमांतून फट ठेवलीच.

फ्रांकाच्या गोष्टीत तिचं धैर्य सगळे सांगतात, आणि ते होतंच. पण तिच्या वडिलांनी अचू बासार स्वीकारलं नाही, असं किर्गिझ माणूस म्हणेल. दार त्यांनी उघडं ठेवलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या उकुथ्वाला या प्रथेने वेगळाच धडा दिला. मूळ रीतीत मुलगा मुलीला तिच्या संमतीने ‘पळवून’ आणायचा, तिला घरातल्या बायकांमध्ये ठेवायचा, आणि दोन्ही घरांची बोलणी पूर्ण होईपर्यंत तिला हात लावायला मनाई होती. पुढे नाव तेच राहिलं आणि आतला नियम गळून पडला. २०१५ मध्ये वेस्टर्न केपच्या उच्च न्यायालयापुढे एका १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. घरच्यांनी ८,००० रँड घेऊन तिला दिलं होतं, आणि आरोपीचा बचाव होता की ही आमची परंपरा. न्यायालयाने पारंपरिक नेत्यांच्या संस्थेचंही म्हणणं ऐकलं आणि ठरवलं की विकृत झालेली प्रथा हा बचाव होऊ शकत नाही. २२ वर्षांची शिक्षा कायम राहिली. परंपरेला परंपरेच्याच जुन्या नियमांनी उत्तर देणं हे बाहेरून येऊन ‘तुमची संस्कृती मागास आहे’ म्हणण्यापेक्षा कितीतरी अधिक टिकतं.

पाकिस्तानातल्या पश्तून भागातली स्वारा आणि पंजाबमधली वनी यांत मुलगी म्हणजे भरपाई. खुनाचा वाद मिटवायला जिरगा किंवा पंचायत अपराध्याच्या घरातली मुलगी दुसऱ्या घराला देऊन टाकते. ती तिथे सून म्हणून जाते आणि शत्रूच्या घरची म्हणून आयुष्यभर वागवली जाते. २०११ च्या दुरुस्तीनंतर याला ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास आणि ५ लाख पाकिस्तानी रुपये दंड आहे, आणि २०२१ मध्ये तिथल्या संघीय शरियत न्यायालयाने स्वारा इस्लामविरोधी ठरवली. इथे मुलीचा होकार कुणाला लागतही नाही.

आता मदतीबद्दल. या बाबतीत सगळ्यात तपशीलवार पद्धत ब्रिटनमध्ये तयार झाली आहे, कारण तिथे सुट्टीच्या नावाखाली मुलींना परदेशात नेऊन लग्न लावून देण्याची प्रकरणं येत राहिली. तिथल्या मार्गदर्शक सूचनांचं पहिलं तत्त्व असं, की तुम्हाला एकच संधी मिळेल असं समजा. मुलगी शिक्षिकेशी, डॉक्टरशी किंवा पोलिसाशी एकदा बोलेल. ‘उद्या ये, बघू’ म्हटलं तर उद्या ती विमानात असेल.

त्या एका भेटीत काय करायचं? तिच्याशी एकटीशी बोला, नवरा, आई किंवा भाऊ खोलीबाहेर हवेत. भाषा येत नसेल तर घरच्यांना दुभाषी करू नका, समाजातल्या ओळखीच्या माणसालाही नको. घरी फोन करून ‘हे खरं आहे का’ विचारू नका. त्या फोननंतर तिचा मोबाईल काढून घेतला जातो आणि प्रवासाची तारीख अलीकडे येते. मध्यस्थी करायचा मोह टाळा. घरचे वडीलधारे तुमच्यासमोर सगळं कबूल करतात आणि तुम्ही गेल्यावर दार लावतात, मध्यस्थीनंतर मुलींचे जीव गेले आहेत. तिचा अलीकडचा फोटो, पासपोर्टचे तपशील, कुठे आणि कोणाकडे नेणार तो पत्ता, परतीची तारीख आणि तिला मदत हवी आहे असं तिचं सहीनिशी निवेदन घेऊन ठेवा. एखादा परवलीचा शब्द ठरवा, म्हणजे पुढे ती फोनवर ‘मी मजेत आहे’ म्हणाली तरी शेजारी कुणी उभं आहे का ते कळेल. तिच्याकडे दुहेरी नागरिकत्व असेल तर आधीच सांगा, की त्या दुसऱ्या देशात पोहोचल्यावर ब्रिटिश वकिलातीचे हात बरेचसे बांधलेले असतात. थोडक्यात, निघण्याआधी थांबवणं हे नंतर सोडवण्यापेक्षा सोपं.

कर्म निर्वाणा ही ब्रिटिश संस्था मुलींना एक युक्ती सांगते: विमानतळावर जाताना अंतर्वस्त्रात चमचा लपवा. धातुशोधक वाजतो, सुरक्षा कर्मचारी तपासणीसाठी तिला वेगळ्या खोलीत नेतात, आणि घरच्यांपासून दूर होऊन बोलायची ती शेवटची सुरक्षित संधी ठरते. उंबरठ्यावर आजी आडवी असताना मुलीला काय हवं असतं, ते त्या चमच्यात दिसतं: घरच्यांच्या नजरेआड काही मिनिटं आणि ऐकणारं एक परकं माणूस.

किर्गिझस्तानात २०१७ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने पोलिसांना तात्पुरता संरक्षण आदेश द्यायला लावलं, आधी ३ दिवसांचा, पुढे ३० दिवसांपर्यंत वाढवता येणारा. बिश्केकमधलं सेझिम संकट केंद्र १९९८ पासून बायकांना आसरा देत आलं आहे. पहिल्या रात्री मात्र केंद्रापेक्षा कामी येतं ते मैत्रिणीचं भान: गाडीचा नंबर टिपणं, मुलीच्या आई-वडिलांना लगेच कळवणं, त्यांना घेऊनच पोलिसांत जाणं, तोंडी बोलण्यावर न थांबता लेखी तक्रार देणं, तिचा जबाब त्या मुलापासून आणि दोन्ही घरांपासून वेगळ्या खोलीत घ्यायचा आग्रह धरणं. आई-वडिलांना एक वाक्य आठवण करून द्यावं लागतं, की नीके झाला असला तरी झाग्समध्ये नोंद नाही, कायद्याने ती अजून तुमच्या घरचीच आहे.

बहुतेक मुली मदत मागताना एक अट घालतात: माझ्या आई-वडिलांना तुरुंगात टाकू नका. ही अट ऐकून मदत करणारे गोंधळतात, काही चिडतातही. पण ती अगदी समजण्यासारखी आहे. तिला त्या लग्नातून सुटायचं असतं, माणसं गमवायची नसतात. ब्रिटनने २००७ मध्ये आणलेला जबरदस्तीच्या लग्नाविरुद्धचा संरक्षण आदेश याच अटीतून जन्मला. तो दिवाणी आहे. मुलगी स्वतः अर्ज करू शकते, स्थानिक प्रशासन करू शकतं, न्यायालयाच्या परवानगीने शिक्षिका किंवा मैत्रीणही करू शकते. न्यायालय त्यातून घरच्यांना पासपोर्ट जमा करायला लावतं, तिला देशाबाहेर न्यायला मनाई करतं, आधीच नेलं असेल तर ती कुठे आहे ते सांगायला आणि परत आणायला भाग पाडतं. कुणावर गुन्हा नोंदवावा लागत नाही. आदेश मोडला तरच ५ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची वेळ येते, आणि तो मोडायचा की पाळायचा हे त्या आई-वडिलांच्या हातात राहतं.